भाग दोनचं कव्हर

दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांना सगळे अखंडबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. पाठीमागे अखंडबाई, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. नाव पडायला निमित्तही त्यांनीच दिलं होतं. सहा वर्षांपूर्वी रुग्णांच्या नोंदी एका जुन्या मोठ्या सर्व्हरवरून नऊ छोट्या सर्व्हरांवर पसरवायचं ठरलं, तेव्हा कुठली नोंद कुठे आणि कशी ठेवायची याचा आराखडा बाईंकडे आला. त्या बैठकीत बाई जेमतेम चार वाक्यं बोलल्या, आणि त्यातल्या तिनांत ‘अखंड’ हा शब्द होता. एका रुग्णाची एकच ओळ. त्याच्या सगळ्या नोंदी त्याच ओळीत, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, एकापुढे एक. रुग्णाचा क्रमांक टाकला की पूर्ण माणूस समोर आला पाहिजे, अर्धामुर्धा नको.

आराखडा दिसायला साधा होता. रुग्णाच्या क्रमांकावरून हिशोब करून त्याची ओळ नऊपैकी कुठल्या सर्व्हरवर बसणार ते ठरायचं, आणि एखादा सर्व्हर बंद पडला तर अडायला नको म्हणून तिच्या दोन प्रती शेजारच्या दोघांवर राहायच्या. ताप, खोकला, मोडलेला हात, बाळंतपण, असल्या रुग्णांच्या ओळी त्या असून असून किती असणार? दोन बोटं. पहिली दोन-तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं आणि साहेबांनी एका कार्यक्रमात बाईंना पुष्पगुच्छही दिला. तो टेबलावर आठवडाभर वाळत पडला होता, कारण बाईंना टाकवेना आणि ठेवावासाही वाटेना.

बाई पन्नाशीच्या. कॉम्प्युटरच्या खोलीत गारठा असायचा म्हणून बारा महिने अंगात राखाडी स्वेटर. लग्नाचं राहून गेलं, असं त्या स्वतःच सांगत, बस चुकल्यासारखं. घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील, आप्पा, आणि त्या. आणखी एक गोष्ट विभागात सगळ्यांनी पाहिलेली होती आणि कुणाला तिचा अर्थ लागलेला नव्हता. बाईंच्या ड्रॉवरमध्ये डझनभर लाल पेनं असत, आणि पर्समध्ये कायम तीन. वास्तविक त्या विभागात कागदावर कुणी सहीपलीकडे काही लिहीत नसे.

सगळं बिनसलं ते डायलिसिस विभागात. तिथला रुग्ण आठवड्यातून तीन वेळा येतो, चार-चार तास मशीनला जोडलेला असतो, आणि ते मशीन दर दहा सेकंदांनी त्याचा रक्तदाब, रक्ताचा वेग, काढलेलं पाणी असं सगळं लिहून पाठवतं. एका बैठकीला चौदाशेचाळीस नोंदी. वर्षाला सव्वादोन लाख. तिथले एक रुग्ण, घड्याळवाले काका, सहा वर्षं एकही वार न चुकवता येत होते, म्हणजे त्यांची ओळ तेरा-साडेतेरा लाख नोंदींची झाली होती आणि दर दहा सेकंदांनी वाढतच होती.

काका मनगटी घड्याळं दुरुस्त करत. मशीनला जोडलेले, डाव्या हातात डायलिसिसची सुई, तरी नजर भिंतीवरच्या घड्याळावर. ते दोन मिनिटं मागे आहे हे त्यांनी सिस्टरना निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. त्यांची माहिती पडद्यावर यायला किती वेळ लागतो हे ते मोजत. पूर्वी चार सेकंद लागायचे. मागच्या वर्षी चाळीस. यंदा त्यांनी मिनिटांवर यायला सुरुवात केली. “आज तीन मिनिटं वीस सेकंद,” असं ते जाहीर करायचे, आणि बाजूच्या खाटांवरचे हसायचे. तिकडे खाली तीन नंबरचा सर्व्हर, ज्याच्यावर ती ओळ बसली होती, धापा टाकत असायचा. एवढी लांब ओळ एका दमात त्याच्या डोक्यात मावत नव्हती. तो बसला की प्रती सांभाळणारे चार आणि पाच नंबर त्याचा भार उचलायला जायचे आणि तेही बसायचे.

एका बुधवारी पडदा उघडलाच नाही. डायलिसिसच्या मोठ्या सिस्टरनी वीस मिनिटं वाट पाहिली. रांगेत सात माणसं खोळंबली होती. शेवटी त्यांनी काकांनाच विचारलं, की मागच्या वेळी जाताना वजन किती होतं, कारण आज किती पाणी काढायचं ते त्यावरूनच ठरतं. काकांनी आठवून सांगितलं आणि ते एका किलोने चुकलं. जिथे दोन मिनिटं मागे पडलेलं घड्याळ काकांना सहन होत नसे, तिथे स्वतःचं वजन मात्र त्यांच्या लक्षात राहत नसे. जास्तीचं पाणी काढलं गेलं, दाब धाडकन उतरला आणि काका बोलता बोलता गप्प झाले. पाय वर केले, सलाईन सोडलं, दहा मिनिटांत डोळे उघडले. उघडल्यावर त्यांनी आधी भिंतीवर पाहिलं.

दुपारी सिस्टर खाली आल्या. त्या आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. बाईंच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “मॅडम, माझा माणूस तुमच्याकडे अखंड आहे म्हणे. मला त्यातला सोमवारचा एक आकडा हवा होता. तेवढाच.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बैठक बोलावली. साहेबांचा स्वभाव उदार, अडचण आली की आणखी सर्व्हर मागवायचे. नवाचे बारा करू, पंधरा करू, म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे मास्तर, जे कधीकाळी शाळेत गणित शिकवत आणि अजूनही फळा दिसला की खडू शोधत, ते बाईंकडे पाहू लागले. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं, पण ते बाईंनीच द्यावं असं त्यांना वाटत असावं. बाईंनी दिलं. पंधरा काय, शंभर आणले तरी उपयोग नाही, म्हणाल्या. ओळ एक आहे तोवर ती एकाच ठिकाणी बसणार, बाकीचे नव्व्याण्णव नुसते बघत राहणार. दोष सर्व्हरचा नाही. आराखड्याचा आहे, आणि आराखडा माझा आहे.

“मग ओळ तोडा,” साहेब म्हणाले.

पंधरा दिवस द्या एवढंच बाई म्हणाल्या आणि उठल्या. मास्तरांना वाटलं हट्ट आहे. साहेबांना वाटलं मान दुखावला. दोघांनाही दोष देता येत नाही, कारण सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेलीच नव्हती.

तेव्हा बाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि याच दवाखान्याच्या तळघरात, कागदी फाईलींच्या खोलीत कारकून होत्या. तिथला नियम असा: फाईल इतकी जाड झाली की नाडी पुरत नाही, तेव्हा नवी फाईल उघडायची, कव्हरवर ‘भाग दोन’ लिहायचं, आणि जुन्या कव्हरवर लाल शाईत जे काही असेल ते नव्या कव्हरवर लाल शाईतच उतरवायचं. निळी शाई नाव आणि क्रमांकापुरती. लाल म्हणजे जिवाशी गाठ असलेली गोष्ट. हा नियम बाईंना मनापासून आवडायचा. त्या वयात माणसाला नियम आवडतात.

आप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मुतखड्याने त्यांना इतक्यांदा दवाखान्यात आणलं होतं, की त्यांची फाईल कधीच नाडीबाहेर गेली होती. जुन्या कव्हरवर लाल शाईत एक ओळ होती. एका इंजेक्शनाने त्यांच्या कानात आवाज येऊ लागले होते, ते पुन्हा कधीही देऊ नये. एका दुपारी बाईंनी आप्पांच्या फाईलचा भाग दोन केला. निळ्या शाईत नाव लिहिलं, क्रमांक लिहिला, ‘भाग दोन’ लिहिलं. मग लाल पेन उचललं, तर ते संपलेलं. कपाटात दुसरं नव्हतं. ती ओळ निळ्या शाईत लिहावी असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण ते नियमात नव्हतं. उद्या येताना लाल पेन घेऊन येऊ, असं म्हणून त्यांनी फाईल मांडणीवर ठेवली.

त्याच संध्याकाळी आप्पांना थंडी वाजून ताप भरला आणि भरती करावं लागलं. रात्रपाळीच्या माणसाने मांडणीवरून फाईल काढून वर पाठवली, आणि ती भाग दोन होती. कोरी. बाई सहा दिवस रोज डबा घेऊन वॉर्डात जात होत्या. आजाराच्या धसक्यात लाल पेन पार विसरल्या. सहाव्या दिवशी आप्पा म्हणाले, जरा मोठ्याने बोल ना. दहाव्या दिवशी मोठ्याने बोलूनही उपयोग राहिला नाही.

रेडिओवाला बहिरा झाला, आणखी काय सांगायचं. दुकान महिन्याभरात बंद झालं. दवाखान्याने चौकशी केली. कागदावर ‘नजरचूक’ असं आलं, कुणाचं नाव आलं नाही. बाई मूग गिळून बसल्या. एक दिवस खोलीत कुणी नसताना त्यांनी ती फाईल काढली आणि कव्हरवर ती ओळ लाल शाईत नीट लिहिली. तिचा आता कुणाला काडीचा उपयोग नव्हता. पुढे त्या कॉम्प्युटर शिकल्या, परीक्षा दिल्या, तळघरातून तिसऱ्या मजल्यावर आल्या. माणसाची नोंद पुन्हा कधी तोडायची नाही हे मात्र त्या तळघरातून सोबत घेऊन आल्या. या निश्चयापायी आपण आणखी एका माणसाला आडवं केलं, हे त्या बुधवारी त्यांना कळलं, आणि ते फार जड गेलं.

आप्पांशी बोलायचं म्हणजे वहीत लिहायचं. ते वाचत आणि तोंडाने उत्तर देत, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे इतक्या मोठ्याने देत, की या घरातली कुठलीही गोष्ट समोरच्या इमारतीपासून लपून राहिलेली नव्हती. आप्पांना कुठली भाजी आवडत नाही हे समोरच्या बाल्कनीतल्या काकूंनाही पाठ होतं. दीड-दोन महिन्यांत एक वही भरायची. अशा दीडशेच्यावर वह्या कपाटात ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर तारखा.

बैठकीनंतरच्या रविवारी आप्पांनी जुनी एक वही मागितली; कुणाचा तरी पत्ता त्यात होता. बाई शोधत बसल्या. एक उघडली, मिटली, दुसरी उघडली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक वहीचं पहिलं पान सारखंच आहे. आप्पांच्या अक्षरात, निळ्या शाईत, सगळ्यात वर: मला अमुक इंजेक्शन देऊ नये. खाली, मला ऐकू येत नाही. खाली मुलीचा फोन नंबर. सत्तावीस वर्षं, दर नव्या वहीला, हा माणूस बोलायच्या आधी पहिलं पान लिहून काढत होता. बाईंनी ही पानं शेकडो वेळा उलटली होती, पण नेमकं ते पान वाचायचं त्यांनी नेहमी टाळलं होतं. आज त्या फरशीवर बसून दहा-बारा वह्या उघडत गेल्या. शेवटी आप्पा ओरडले की पत्ता सापडला नाही तर राहू दे.

सोमवारी त्या मास्तरांच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, तोडू या.

किती लांबीचे तुकडे करायचे यावर दोन दिवस गेले. मास्तर म्हणत होते, दिवसाचा एक करा, छोटा आणि सुटसुटीत. पण डॉक्टरांना मागचा महिना पाहायचा असतो, त्यासाठी तेरा ठिकाणी हात घालावा लागला असता. वर्षाचा केला तर पुन्हा सव्वादोन लाखांचं ओझं. महिना ठरला. यापुढे जागा नुसत्या रुग्णाच्या क्रमांकावरून ठरणार नाही. क्रमांक आणि महिना मिळून ठरणार. काकांचा एक महिना अठरा-एकोणीस हजार नोंदींचा, आणि हे महिने नऊही सर्व्हरांवर विखरून बसणार. तीन नंबरची सुटका.

“आणि आता माझं ऐका,” बाई म्हणाल्या. रुग्णाचे जे महिने आहेत त्यांची एक छोटी यादी आणि त्याच्या जिवाशी गाठ असलेल्या चार गोष्टी, हे वेगळं ठेवायचं. नुसत्या रुग्णाच्या क्रमांकावर, महिना-बिहिना काही नाही. त्याला त्यांनी ‘पहिलं पान’ म्हटलं. महिना बदलला तरी ते बदलत नाही, आणि कुणी उतरवून घ्यावं लागत नाही, त्यामुळे कुणाच्या हातून राहूनही जात नाही. कुठलाही महिना उघडा, आधी पहिलं पान येणार. आणि ते आलं नाही, तर पुढचं काहीही दिसणार नाही.

साहेबांना हे शेवटचं पटेना. एका चिमूटभर पानासाठी सगळंच अडवायचं? बाकीचं तरी दाखवा ना. बाई म्हणाल्या, नाही. अर्धी फाईल पूर्ण दिसते, साहेब, तोच धोका आहे. काहीच दिसलं नाही तर माणूस चौकशी तरी करतो. त्या इतक्या शांतपणे बोलल्या, की साहेबांनी खोलात जायचं टाळलं आणि सही केली.

मग तीन आठवडे नाकी नऊ आले. दवाखाना काही बंद ठेवता येत नाही. नवी प्रत्येक नोंद जुन्या ओळीतही लिहायची आणि नव्या तुकड्यांतही, आणि मागची सहा वर्षं महिन्या-महिन्याने उचलून नव्याकडे न्यायची. प्रत्येक महिन्यानंतर दोन्हीकडच्या नोंदी मोजायच्या. मास्तर मोजत, मग बाई मोजत, मग मास्तरांचा विश्वास बसत नसे म्हणून ते पुन्हा मोजत. जुनी ओळ अठ्ठावीस तारखेला बंद केली. पडदा चार सेकंदांत उघडू लागला आणि काकांना जाहीर करण्यासारखं काही उरलं नाही. ते थोडे हिरमुसले, असं सिस्टर म्हणाल्या.

बाईंच्या मनात मात्र एकच तारीख होती. एक तारीख. त्या दिवशी प्रत्येकाचा नवा महिना कोरा असणार होता. भाग दोन.

एक तारखेला सकाळी सात वाजता त्या डायलिसिस विभागात जाऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. मोठ्या सिस्टर रजेवर होत्या. त्यांच्या जागी दुसऱ्या वॉर्डातून बदली सिस्टर आल्या होत्या, हाताने झपझप, काकांना ओळखत नव्हत्या. त्यांनी रक्त पातळ राहण्याच्या औषधाची सिरिंज नेहमीसारखी भरून घेतली आणि पडद्यावर क्रमांक टाकला. पडदा उघडला. महिना कोरा, एकही नोंद नाही. आणि वर, सगळ्याच्या आधी: हे औषध निम्म्या मात्रेत, पूर्वी रक्तस्राव झाला आहे.

बदली सिस्टरनी वाचलं. सिरिंज बाजूला ठेवली, दुसरी घेतली, निम्मी भरली. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. त्यांना काही कळलं नाही आणि कळायचं कारणही नव्हतं. काहीच झालं नाही. बाई जिन्यात गेल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं. चांगली पाच मिनिटं त्या रडल्या, मग स्वेटरच्या बाहीने तोंड पुसून कामाला लागल्या.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा आप्पा खिडकीशी बसले होते. बाईंनी पर्स टेबलावर ठेवली, वही ओढली आणि उभ्या उभ्या लिहिलं. तुमच्या फाईलचा भाग दोन मी केला होता. लाल पेन संपलं होतं, म्हणून ती ओळ राहिली. लिहून वही त्यांच्यापुढे सरकवली आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. आता जे व्हायचं ते होऊ दे.

आप्पांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, म्हणजे समोरच्या बाल्कनीत काकूंनी झाडांना पाणी घालायचं थांबवलं. “फाईल सहा दिवस माझ्या पायाशी लटकत होती. तुझं अक्षर ओळखत नाही का मी?”

बाईंना लिहायला पेन सापडेना. सापडलं तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं: मग बोलला का नाहीत?

“नोकरी गेली असती तुझी. दुकान गेलंच होतं.” त्यांनी चष्मा काढला. “नंतर वाटलं, तू सांगशील. मग वाटलं, नाही सांगितलंस तरी चालेल. म्हणून तर दर वहीत आधी ते लिहितो. पुन्हा कुणाच्या पोरीच्या हातून काही राहून गेलं, तर दोष तिच्या माथी नको.”

आप्पांनी उरलेली पानं अंगठ्याने चाळली आणि म्हणाले, चारच राहिलीत, नवी आणली असशील तर काढ.

नवी वही कपाटात होती. आप्पांनी हात पुढे केला, पण बाईंनी ती दिली नाही. टेबलाशी बसून त्यांनी पहिलं पान उघडलं. पर्समध्ये तीन लाल पेनं होती. समोर मघाचं निळं पडलं होतं. त्यांनी निळं उचललं आणि सगळ्यात वर ती ओळ लिहिली.